टाचेची शस्त्रक्रिया: सुरी टाचेवर की पोटरीवर?

गेल्या महिन्यात ओपीडीत एक शिक्षिका आल्या. वय ४६, उजवी टाच १४ महिन्यांपासून दुखते. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. पहिल्या डॉक्टरांनी लिहिले होते, टाचेचे वाढलेले हाड काढावे लागेल. दुसऱ्यांनी दुर्बिणीतून तळव्याचा पट्टा मोकळा करण्याचा सल्ला दिला होता. तिसऱ्या कागदावर पोटरीच्या स्नायूची शस्त्रक्रिया लिहिली होती. "पहिले दोन कागद समजले, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण दुखतेय टाच आणि कापायची पोटरी, हे काय? दुसऱ्या कोणाचा कागद तर चुकून माझ्या फायलीत लागला नाही ना?"

कागद त्यांचाच होता, आणि तो सल्लाही चुकीचा नव्हता. टाचेच्या जुन्या दुखण्यावर कोणती शस्त्रक्रिया करावी याबद्दलचे मत गेल्या काही वर्षांत बदलत गेले आहे, अजूनही बदलते आहे. बाईंच्या हातातले तीन कागद म्हणजे तीन वेगवेगळ्या काळातले विचार होते. असा गोंधळ घेऊन येणारे रुग्ण आता वाढले आहेत, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो.

आधी दुखते काय ते पाहू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फॅशिआ म्हणतात. पायाची कमान धरून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. हा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे त्याची झीज होते आणि दुखणे सुरू होते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली चार पावले काट्यावर पडल्यासारखी वाटतात, मग थोडे चालले की सुसह्य होते आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकते. ही कथा इतकी ठरावीक आहे की बहुतेक वेळा ती ऐकूनच निदान होते.

या आजाराला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. नावातच सूज आहे, पण २००३ मध्ये अमेरिकेत ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियेतून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा सूज जवळजवळ नव्हतीच. दिसली ती झीज. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हा आजार मुळातून जात नाही.

आता पहिला कागद. "हाड वाढलंय" हे वाक्य एक्स-रे पाहून रुग्णाच्या कानावर पडते आणि मग डोक्यातून जात नाही. ते टोकदार हाड आतून टोचते आहे असे चित्र मनात तयार होते. वस्तुस्थिती अशी की टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही असे हाड दिसते. टाच भयंकर दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसते. शिवाय ते हाड बहुधा फॅशिआत नसतेच, त्याच्या वरच्या बाजूला असलेल्या लहान स्नायूच्या उगमाशी असते. त्यामुळे केवळ हाड वाढले म्हणून ते काढण्याच्या शस्त्रक्रियेला आज फारसा आधार उरलेला नाही. बाईंना मी तो कागद बाजूला ठेवायला सांगितला. खरे तर एक्स-रेच्या अहवालात ते हाड लिहूच नये असे मला कधी कधी वाटते, पण ते रेडिओलॉजिस्टच्या हातात आहे.

शस्त्रक्रियेची वेळ खरंच आली आहे का?

टाच दुखणाऱ्या दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. म्हणजे शस्त्रक्रियेची चर्चा ही उरलेल्या एक-दोघांची चर्चा आहे. सहा महिने, शक्यतो वर्षभर, नीट उपचार करूनही दुखणे तसेच राहिले तरच तिचा विचार करायचा. यातला "नीट" हा शब्द महत्त्वाचा. बाईंना विचारले, व्यायाम केले होते का? म्हणाल्या, केले की. किती दिवस? थोडे थांबून उत्तर आले, चार-पाच दिवस. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचे पथ्यपाणी, यात राहूनच गेले. दोन स्टिरॉइडची इंजेक्शने मात्र वेळेवर घेतली होती.

व्यायाम म्हणजे नेमका कोणता, तेही सांगतो. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने ओढायची, तळव्याचा पट्टा तारेसारखा ताणलेला हाताला लागला पाहिजे. दहापर्यंत मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ जुन्या रुग्णांच्या अभ्यासात हा ताण नेहमीच्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला. दुसरा व्यायाम डेन्मार्कमधला, २०१५ चा. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीवर उभे राहायचे आणि टाच सावकाश वर-खाली करायची, एक दिवसाआड. ४८ रुग्णांच्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी या गटाला जास्त आराम होता, वर्षाने मात्र दोन्ही गट सारखे झाले. याच्या जोडीला घरातही मऊ तळाची चप्पल हवी. शहाबादी किंवा मार्बलच्या फरशीवर अनवाणी स्वयंपाक करणे आणि टाच बरी करणे एकत्र जमत नाही. देवघरापुरती चप्पल काढा, ओट्यापाशी घाला.

शॉकवेव्ह हा मधला टप्पा आहे. अमेरिकेत त्याच्या यंत्राला २००० मध्ये मान्यता मिळाली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये म्हटले की सुरक्षिततेबद्दल मोठी चिंता नाही, पण परिणामाचे पुरावे एकसारखे नाहीत. काहींना चांगला गुण येतो. शस्त्रक्रियेआधी एकदा करून पाहायला हरकत नाही, असे माझे मत.

इंजेक्शनांबद्दल मात्र सावध करतो. स्टिरॉइडने काही आठवडे छान वाटते. पण वारंवार दिल्यास पट्टा तुटू शकतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अहवालात ७६५ रुग्णांपैकी ५१ जणांचा फॅशिआ तुटलेला आढळला आणि त्यातल्या ४४ जणांनी आधी स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेले होते. बाईंची दोन झाली होती. तिसरे नको, हे मी ठामपणे सांगितले.

आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेआधीच झाली पाहिजे: दुखणे फॅशिआचेच आहे याची खात्री. तिशीतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, तिथे सुरीचे काम नाही. टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. टाचेत मुंग्या येत असतील, जळजळ होत असेल, सकाळच्या पहिल्या पावलाला फारसा त्रास नसेल तर नस दबलेली असू शकते. सोनोग्राफीत फॅशिआची जाडी मोजता येते. ती साधारण चार मिलिमीटरपेक्षा जास्त असली तर निदानाला बळ मिळते.

दुसरा कागद: तळव्याचा पट्टा मोकळा करणे

अनेक वर्षे हीच मुख्य शस्त्रक्रिया होती. टाचेच्या आतल्या बाजूला छेद घेऊन फॅशिआचा काही भाग हाडापाशी कापायचा, म्हणजे त्याच्यावरचा ताण कमी होतो. दुर्बिणीतून हेच करण्याची पद्धत १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बॅरेट आणि डे यांनी मांडली. छेद लहान, टाके एक-दोन, चालणे लवकर सुरू. पण लक्षात घ्या, दुर्बिणीने बदलतो तो रस्ता. आत कापला जातो तो पट्टा तोच. उलट शेजारची नस दबलेली असेल तर ती सोडवायला उघडी शस्त्रक्रियाच सोयीची पडते.

गुण येतो का? अनेकांना येतो. डेन्मार्कमध्ये ३० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तुलना व्यायाम आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनाशी केली गेली. सुधारणा दोन्ही गटांत झाली, पण शस्त्रक्रियेचा गट पुढे राहिला, विशेषतः धावणे आणि उड्या मारणे यात. अभ्यास लहान आहे, तरी रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली होती, म्हणून त्याला वजन आहे.

माझी अडचण वेगळी आहे. हा पट्टा शोभेला नाही. १९५४ मध्ये हिक्स या ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने दाखवले की चालताना बोटे वर वळली की फॅशिआ रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि कमान उचलली जाते. तो पट्टा पूर्ण कापला तर कमान बसते, भार पायाच्या बाहेरच्या कडेवर जातो आणि तिथे नवे दुखणे सुरू होते. निम्म्याहून जास्त पट्टा कापल्यास हा त्रास वाढतो, असे २००२ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून बहुतेक सर्जन आतल्या बाजूचा एक तृतीयांश ते निम्मा भागच कापतात.

माझ्याकडे दुसरीकडे शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ येतात, एसटीत कंडक्टर होते. टाचेचे दुखणे गेले, पण आता घोट्यापुढे बाहेरच्या कडेला दुखते आणि पाय पूर्वीपेक्षा सपाट झाला आहे. त्यांचा पट्टा जवळजवळ पूर्ण कापला गेला होता. कापलेला पट्टा परत जोडून पूर्ववत करणारी खात्रीची शस्त्रक्रिया माझ्यापाशी नाही. बुटात आधार, व्यायाम, एवढेच. त्यांना आधी कोणी विचारलेच नव्हते की दिवसाचे आठ तास उभे राहायचे आहे का.

तिसरा कागद: पोटरी

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला मागून वर ओढतो, फॅशिआ त्याच हाडाला खालून पुढे ओढतो. मध्ये हाड, दोन्हीकडे दोर. मागचा दोर आखूड झाला तर प्रत्येक पावलाला पुढच्या दोरावर जास्त ताण येतो. टाच दुखणाऱ्या पुष्कळ रुग्णांत पोटरीचा वरचा, दोन तोंडांचा स्नायू आखडलेला आढळतो. त्याला गॅस्ट्रोक्नेमिअस म्हणतात आणि तो गुडघ्याच्या वर सुरू होतो. त्यामुळे तपासणी सोपी आहे. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकलले तर अडते, गुडघा वाकवला की तेच पाऊल सहज वर येते. फरक स्पष्ट असला की दोष कुठे आहे ते कळते.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज. "मला उकिडवे बसता येते, भारतीय पद्धतीच्या संडासात टाच टेकते, मग माझी पोटरी आखडलेली कशी?" हा प्रश्न मला कित्येकांनी विचारला आहे. उकिडवे बसताना गुडघा पूर्ण वाकलेला असतो, त्यामुळे हा स्नायू सैल पडतो. तो आखडलेला असूनही उकिडवे बसता येते.

शस्त्रक्रियेत गुडघ्याच्या मागच्या घडीत, आतल्या बाजूला तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन स्नायूच्या आतल्या तोंडावरचे पांढरे आवरण कापतात. स्नायू तसाच राहतो, फक्त लांबतो. टाचेला हात लागत नाही. प्लास्टर लागत नाही, रुग्ण लगेच पाय टेकवू शकतो. पोटरीच्या मध्यावर छेद घेण्याची जुनी पद्धतही आहे, पण तिथे त्वचेची नस जवळून जाते आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येऊ शकतो.

या शस्त्रक्रियेची हवा झाली ती २०१३ मधल्या स्पेनच्या अभ्यासामुळे. ६० रुग्ण, निम्म्यांचा फॅशिआ कापलेला, निम्म्यांची पोटरी. पहिल्या गटात ६० टक्के समाधानी आणि कामावर परतायला सरासरी दहा आठवडे, दुसऱ्यात ९५ टक्के समाधानी आणि तीन आठवडे. आकडे वाचून कोणीही म्हणेल, मग प्रश्नच मिटला. पण तो अभ्यास जुन्या फायली काढून केलेला होता. कोणाला कोणती शस्त्रक्रिया द्यायची हे आधीच डॉक्टरांनी ठरवलेले होते. २०१८ मध्ये नॉर्वेत ४० रुग्णांची विभागणी नीट करून पोटरीची शस्त्रक्रिया अधिक ताणाचे व्यायाम, विरुद्ध नुसते ताणाचे व्यायाम अशी तुलना झाली. वर्षाने शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे होता. त्यानंतर २०२० मध्ये पुन्हा स्पेनमधून, या वेळी रीतसर विभागणी करून, पोटरी आणि फॅशिआ यांची समोरासमोर तुलना आली. वर्षभराने वेदना आणि कामाची क्षमता यात दोन्ही गट साधारण सारखेच.

म्हणजे ९५ विरुद्ध ६० हा फरक कडक परीक्षेत टिकला नाही. पोटरी जिंकली, असे मी म्हणणार नाही. मग तिसरा कागद मला जवळचा का वाटतो? कारण दोन्हीकडे गुण सारखाच येणार असेल तर अपयश आल्यावर हातात काय उरते, ते पाहावे लागते. पोटरीची शस्त्रक्रिया फसली तर टाच पूर्वीइतकीच दुखते, कमान मात्र शाबूत असते आणि नंतर फॅशिआचा मार्ग मोकळा राहतो. फॅशिआ जास्त कापला गेला तर मागे येता येत नाही. अर्थात पोटरी आखडलेली असेल तरच हे लागू. तपासणीत पाऊल गुडघा सरळ असतानाही सहज वर येत असेल, तर पोटरी कापण्याला अर्थ नाही. तिथे दुर्बिणीतून मर्यादित फॅशिआ मोकळा करणे हाच सरळ मार्ग.

पोटरीचेही तोटे आहेत. काही महिने जिना चढताना, चवड्यावर उभे राहताना पाय अशक्त वाटतो. क्वचित पोटरीत रक्ताची गुठळी होते. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजली, ताठली, दुखू लागली तर "टाके ओढत असतील" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. धाप लागली तर सरळ रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणि पायाची संवेदना तपासलेली हवी. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट जखम भरेपर्यंत तरी बंद.

राहिले नवे प्रकार. सोनोग्राफीत पाहत सुईने झिजलेला भाग अल्ट्रासोनिक कंपनांनी काढणे, रेडिओफ्रिक्वेन्सीने छोटी छिद्रे पाडणे, आणि फलकावर मोठ्या अक्षरांत दिसते ते "लेझर". पहिल्या दोहोंमागची कल्पना बरी आहे, जखम लहान असते, पण वरच्या दोन शस्त्रक्रियांशी नीट तुलना करणारे अभ्यास थोडे आहेत. लेझर या शब्दाखाली कोणी नुसती शेक देतो, कोणी रेडिओफ्रिक्वेन्सी करतो. नेमके काय करणार हे मराठीत, तुमच्या कागदावर लिहून मागा. विमा असेल तर हे लेखी नाव पूर्वमंजुरीलाही लागेलच.

सर्जनला विचारायचे तेही फार नाही. गुडघा सरळ आणि वाकवून माझी पोटरी तपासली का? फॅशिआचा किती भाग कापणार? नस दबलेली नाही ना? कामावर किती आठवड्यांनी जाता येईल? पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना डॉक्टरांनी तुमचा पाय हातातच घेतला नाही, तर दुसरे मत घ्या.

बाईंची पोटरी तपासली. गुडघा सरळ ठेवला की पाऊल काटकोनाच्या पुढे जात नव्हते, वाकवला की सहज येत होते. म्हणजे शस्त्रक्रिया लागलीच तर तिसरा कागद. पण व्यायाम चार-पाच दिवसच झाले होते. तीन महिने दोन्ही व्यायाम, घरात चप्पल, इंजेक्शन बंद, असे ठरले. परवा त्या तपासणीला आल्या. सकाळचे दुखणे निम्म्यावर आले आहे, शाळा सुटताना मात्र अजून लंगडतात. शस्त्रक्रिया करायची झालीच तर दिवाळीच्या सुट्टीत करू, म्हणाल्या, कारण तेव्हा तीन आठवडे मिळतात. तोवर व्यायामाची वही त्यांच्या धाकट्या मुलीकडे आहे. रोज सकाळी आई खाटेवरून उतरण्याआधी ती दहापर्यंत मोठ्याने मोजते.